दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी थरारकथा: मुंबईच्या इतिहासातली कुठली घटना घ्यावी?

कोरी_पाटी | सोमवार, रात्री ९:१२

दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी छोटी कादंबरी लिहायला घेतली आहे. मुंबईत खरंच घडलेलं एक संकट, त्यात सापडलेलं एक कल्पित मूल, आणि ते जिवंत कसं बाहेर येतं, एवढंच कथानक. मोठी माणसं हाताशी नाहीत, जादू नाही, योगायोग फार तर एक.

गडकोट आणि घोडदौड मुद्दाम बाजूला ठेवलीय. पन्हाळा ते विशाळगड मुलांना तोंडपाठ असतं. शेवट माहीत असलेल्या वाटेवर जीव मुठीत येत नाही.

डोळ्यासमोर तीन घटना आहेत: १८९६चा प्लेग, १४ एप्रिल १९४४चा व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट आणि १७ जुलै १९४७ला बुडालेली रामदास बोट. कुठली घ्यावी? आणि कुठले तपशील चुकले की जाणकार वाचक पुस्तक मिटतो?

पायरीचा_दगड | रात्री ९:१५

जागा धरून ठेवतोय. सविस्तर नंतर.

घासलेटचा_कंदील | रात्री ९:४८

गोदी स्फोट. यात दुसरा विचारच नको.

कारण या घटनेला वेळापत्रक आहे. फोर्ट स्टिकीन बोटीच्या दोन नंबरच्या खणात आग असल्याचं दुपारी दोनच्या सुमारास लक्षात आलं. पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी. दुसरा त्यानंतर साधारण अर्ध्या तासानं. लेखकाला तयार तीन अंक मिळतात. पहिल्यात सगळं ठीक दिसतंय, धूर बघायला गर्दी जमलीय. बोटीवर सुमारे १४०० टन दारूगोळा आहे हे बघ्यांना माहीत नाही, कारण धोक्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. दुसरा अंक स्फोटाचा. आणि तिसरा खरा जीवघेणा: मधला अर्धा तास. मदतीला धावले ते दुसऱ्या स्फोटात सापडले.

तुमच्या मुलाचा निर्णय त्या अर्ध्या तासात ठेवा. वडील गोदीत आहेत. आत धावायचं की उलट दिशेला?

तपशील: लखकन प्रकाश दिसतो तो लगेच, आवाज आणि धक्का मागून येतो. ढोबळ मानानं किलोमीटरला तीन सेकंद. मशीद बंदरच्या चाळीत खिडकीशी उभ्या मुलाला सेकंद-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात खिडकीपासून मागे होऊन भिंतीच्या बुडाशी पालथं पडायचं. अशा वेळी खोलीत उडणारी काच फार माणसं जायबंदी करते, आणि काच फुटते ती बघायला खिडकीत आलेल्यांच्या तोंडावर. हे मुलांना वाचताना कळलं तर आयुष्यभर विसरणार नाहीत.

फणसाचा_गरा | रात्री १०:०२

आणि बोटीवरच्या सोन्याच्या विटा विसरलात! आकाशातून सोनं पडलं होतं की. मुलाच्या पायाशी एक पाडा, कादंबरी हातोहात खपेल.

घासलेटचा_कंदील | रात्री १०:०९

@फणसाचा_गरा, विटा १२४ होत्या आणि एकेक जवळपास पावणेतेरा किलोची. बारा वर्षांचं मूल ती उचलून पळूच शकत नाही. दोन्ही हात अडकले की जिन्याचा कठडा धरता येत नाही, तोंडावर फडकं धरता येत नाही. पाडायचीच तर पाडा, पण ती सोडून पळण्यात प्रसंग आहे, घेऊन पळण्यात नाही.

चुनखडी | रात्री १०:३१

प्लेगबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून.

प्लेगमध्ये संकट दिसत नाही, तीच गंमत. मांडवीत, सप्टेंबर १८९६मध्ये, आधी उंदीर पडायला लागतात. मग घरं रिकामी होतात. पथक येतं, माणसाला इस्पितळात नेतं, घरच्यांना वेगळ्या छावणीत. घराची कौलं काढून ऊन आत सोडतात, जमीन खणतात, चुना मारतात. राहण्यालायक नसलेल्या घरावर यू.एच.एच. अशी अक्षरं रंगवतात. इंग्रजी न येणाऱ्या मुलाला आपल्याच दारावर लिहिलेलं वाचता येत नाही, एवढ्यावर एक प्रकरण उभं राहील.

पोटमाळ्यावर लपवलेली आजारी बहीण, दाराशी पथक. पळायचं कुठे, तर कुठेच नाही.

अर्धविराम | रात्री १०:४०

छान आहे. मुलाला उंदरावरच्या पिसवा कळतात आणि तो अंथरूण उन्हात टाकतो, असं करता येईल. त्यामुळे बहीण वाचते.

चुनखडी | रात्री १०:५२

नाही येणार. उंदीर, पिसू, माणूस ही साखळी फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी कराचीत उलगडली ती जून १८९८मध्ये, आणि तीसुद्धा बरीच वर्षं कुणी मानली नाही. १८९६च्या मांडवीत डॉक्टरांनाच जे ठाऊक नाही ते बारा वर्षांच्या मुलाला कळलं, की पुस्तक तिथंच मिटलं. त्याला एवढंच कळू शकतं: ज्या खोलीत उंदीर मरून पडतात त्या खोलीत चार-आठ दिवसांनी माणूस आजारी पडतो. कारण चुकीचं, निरीक्षण बरोबर. त्या निरीक्षणावर तो खोली सोडतो. माझ्या मते हे जास्त खरं आणि जास्त चांगलं.

प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिनांनी स्वतःला ती टोचून घेतली १० जानेवारी १८९७ला. त्याआधीच्या प्रसंगात लस आणू नका.

टवाळ_टिटवी | रात्री ११:०५

लस, चुना, कौलं. पोरं रात्री झोपणार नाहीत बहुतेक. की लगेच झोपतील?

बाकी २६ जुलै २००५ कुणीच सुचवला नाही. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला तोही इतिहासच आहे हो. आपण म्हातारे झालो.

पायरीचा_दगड | मंगळवार, सकाळी ७:२०

टिटवीताईंनी टवाळी केली, पण मुद्दा खोटा नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी आणि कुलाब्याला जेमतेम ७३-७४. एकाच शहरात एका टोकाला प्रलय, दुसऱ्या टोकाला रिमझिम. कुलाब्याच्या माणसाला मिठीकाठच्या माणसाचं खरं वाटेना, यात नाट्य आहे. पण त्यात मोबाइल आहेत, टीव्ही आहे, आणि वाचकाचे आईबाबा "अरे असं नव्हतं" म्हणायला घरात हजर आहेत. लेखकाला इतके साक्षीदार परवडत नाहीत.

खाडीपल्याड | सकाळी ८:४४

रामदास घ्या. का ते सांगतो, जरा लांबेल.

बाकी दोन्ही गोष्टींत मूल पळतं किंवा लपतं. रामदासमध्ये त्याला काहीच न करता थांबावं लागतं, आणि न करणं हा मुलांना सगळ्यात कठीण निर्णय. कसा, ते भरतीवरून कळेल.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा. वर २६ जुलैचा विषय निघालाच आहे, तर ताडून बघा: त्या दिवशी वद्य पंचमी-षष्ठी होती, म्हणजे हिशेबानं पावणेचार ते साडेचार, आणि दुपारची भरती खरोखर चारच्या सुमारास होती.

आता १७ जुलै १९४७. अमावास्या तोंडावर, सकाळी चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा. म्हणजे साडेदहा-अकराला उधाणाची भरती पूर्ण. बोट सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ बुडाली. त्या वेळी पाणी चढतं आहे, म्हणजे प्रवाह समुद्रातून बंदराच्या आत, मुंबईच्या बाजूला ओढतोय. वारा पावसाळी, नैर्ऋत्येचा, तोही आतच लोटणारा. वेग ताशी दोन सागरी मैल धरा, म्हणजे पावणेचार किलोमीटर. खवळलेल्या पाण्यात बारा वर्षांचं मूल जीव तोडून पोहलं तरी ताशी किलोमीटरभर.

समजा, मुलाचं घर रेवसच्या बाजूला. अलिबागचे डोंगर पावसातून पुसट दिसतायत. सगळे त्या दिशेला हात मारतायत. त्याला आजोबांनी तिथीचा पाढा शिकवलाय. तो उलटा विचार करतो: घराकडे पोहायचं नाही, अकरापर्यंत नुसतं तरंगायचं, पाणी आपल्याला मुंबईला नेऊन घालेल. अकरानंतर ओहोटी लागली की हेच पाणी बाहेर, उघड्या समुद्रात नेणार.

पहिल्या पानावरच घड्याळ टिकटिकायला लागलं की नाही?

कोरी_पाटी | सकाळी ९:१०

खाडीपल्याड, हे वाचून कॉफी गार झाली. पण अकरापर्यंत तरंगायचं कशावर? लाइफ जॅकेट?

खाडीपल्याड | सकाळी ९:३८

ते त्याच्या हाती लागलं तर गोष्ट संपली. डोकं पाण्यावर राहायला फार उचल लागत नाही. खाऱ्या पाण्यात शरीर जवळपास तरंगतंच, तीन-चार किलोंची उचल मिळाली तरी नाक वर राहतं.

त्या काळात प्लॅस्टिक नाही हे ध्यानात ठेवा. ना कॅन, ना बाटली. मिळेल तो घासलेटचा चौकोनी डबा, चार गॅलनचा, म्हणजे अठरा लिटर. रिकामा आणि बंद असेल तर सोळा-सतरा किलो उचलतो, दोन मुलांना पुरेल. पण बहुतेक डब्यांचं तोंड कापून वर लाकडी दांडी ठोकलेली असते, धान्याला किंवा पाण्याला. तो पालथा धरला तर आत हवा राहते, पण दर लाटेला कलतो आणि भसकन एक घोट हवा सोडतो. दहा-बारा लाटांत डबा गेला. म्हणून तोंड बंद असलेला डबाच हवा, आणि त्याच्या वरच्या छोट्या भोकाला बूच. बूच नसेल तर कापडाची घट्ट गुंडाळी पिळून ठोकायची; भिजली की सुती कापड फुगतं आणि भोक धरतं. तरी झिरपणारच. दर अर्ध्या तासानं भोक वर ठेवून डबा हलवायचा, आत पाणी किती खळखळतं ते ऐकायचं. भोक खाली आलं की डबा पाणी पिणार.

पत्रा गुळगुळीत, भिजलेल्या हातात ठरत नाही. काथ्याची दोरी आडवी-उभी गुंडाळून तिच्यात हात अडकवायचा. मनगटाला बांधायची नाही, डबा बुडाला तर सोडता आला पाहिजे.

माजघर | सकाळी १०:१५

कोकणात पोहायला शिकताना पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे कमरेला बांधतात, सुका भोपळाही बांधतात. शिमग्याला-गणपतीला जाणाऱ्या सामानात सुका भोपळा असणं डब्यापेक्षा पटेल.

खाडीपल्याड | सकाळी १०:२१

माजघर, भोपळा उत्तम. फक्त तडा जात नाही तोवर. लोखंडी कठड्यावर आपटला की गेला. पहिल्या प्रकरणात भोपळा, तिसऱ्यात फुटतो, मग डबा. घ्या, कथानक आपोआप होतंय. फक्त जुलैत ना शिमगा ना गणपती, भोपळा कुणाकडे पोहायला शिकणाऱ्या पुतण्यासाठी चाललाय असं करा.

फणसाचा_गरा | सकाळी १०:३०

जुलैत गटारी असते. भोपळ्यात काय भरून नेत होते ते विचारू नका.

माजघर | सकाळी १०:३४

सहाशेहून जास्त माणसं गेली त्या दिवशी. त्यातली कितीतरी गिरगाव-परळहून सणाला गावी निघालेली. अलिबाग-रेवसकडे अजून ती घरं आहेत. जरा जपून.

फणसाचा_गरा | सकाळी १०:४०

खरंय. चूक झाली, मागे घेतो.

अर्धविराम | सकाळी ११:२५

माजघर यांनी काढलेला मुद्दा कादंबरीलाही लागू आहे. खरी दुर्घटना, खरे मृत, आणि आपण त्यात खोटं मूल सोडतोय. काही पथ्यं: बोटीचं नाव, तारीख, जागा बदलू नये. मुलाला आणि त्याच्या भोवतीच्या माणसांना पूर्ण कल्पित नावं द्यावीत, खऱ्या वाचलेल्यांपैकी कुणाचा अनुभव उचलू नये. कप्तानाला खलनायक करू नये. रेवसच्या कोळ्यांनी होड्या वळवून माणसं ओढून काढली हे मात्र झाकोळू नये. मुलाच्या शौर्यासाठी त्यांना मुकं केलं तर तो अन्याय.

मृत्यू किती दाखवायचा? दहा वर्षांच्या वाचकाला एक माणूस पुरतो. ज्यानं तिकिटाच्या रांगेत शेंगा दिल्या तो पाण्यात दिसेनासा होतो, आणि शेंगांची पुडी खिशात भिजते. आकडे शेवटी, एका ओळीत.

घासलेटचा_कंदील | दुपारी १२:०५

बोट कलंडली कशी हे मुलाला कळलं पाहिजे, नाहीतर ते दैव होतं. मोठी लाट बाजूवर आली, पाऊस आणि पाणी चुकवायला उतारू दुसऱ्या बाजूला धावले. हिशेब सोपा: पन्नास किलोची तीनशे माणसं म्हणजे पंधरा टन, आणि ते पंधरा टन पाच सेकंदांत वरच्या डेकवर एका कडेला. बोट परत उभी राहायच्या आत पुढची लाट.

हेच नंतर छोट्या प्रमाणावर परत आणा. कोळ्यांची होडी येते, चार जण एकाच कडेला लटकतात, होडी झुकते. मुलानं सकाळी जे पाहिलंय ते त्याला आठवतं आणि तो ओरडतो, दोघं पलीकडून धरा! कोळी एकेकाला मागच्या बाजूनं आत घेतात. मुलानं कुणालाही उचललेलं नाही, तरी जीव वाचवलेत. बारा वर्षांच्या नायकाला एवढंच शोभतं.

(मी गोदीचा वकील आहे, तरी हे लिहितोय याची नोंद घ्यावी.)

टवाळ_टिटवी | दुपारी १२:११

नोंद घेतली. वकीलपत्र जप्त.

चुनखडी | दुपारी १:३०

खाडीपल्याड, वेळेचा एक घोळ. मुंबईचा स्वतःचा वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता आणि काही ठिकाणी १९५५पर्यंत पाळला जायचा. "आठ वाजता" म्हणजे कुठले आठ? आणि गोदी स्फोट घेतला तर युद्धकाळात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, घड्याळं तासभर पुढे केलेली. एप्रिलात सूर्य घड्याळात आठच्या जरा आधी मावळणार. "सातला अंधार पडला" लिहिलंत की चूक.

खाडीपल्याड | दुपारी १:५२

मानलं. पण गोष्टीला ते उपकारक आहे. पाण्यातल्या मुलाकडे घड्याळ नाहीच. ढगातून सूर्यही नाही. भरती पूर्ण झाली हे त्याला एकाच गोष्टीवरून कळेल: खुणेचा दांडा किंवा नांगरलेली बोया. प्रवाह चालू असताना बोया एका बाजूला झुकलेली असते आणि तिच्या मागे पाण्याची शेपटी दिसते. शेपटी संपली, बोया सरळ उभी राहिली, की पाणी थांबलं. त्यानंतर थोडाच वेळ.

अर्धविराम | दुपारी २:१०

तहानेचं काय? मुलं हे पहिलं विचारतात. "समुद्राचं पाणी का नाही प्यायचं?"

घासलेटचा_कंदील | दुपारी २:२४

समुद्रात साडेतीन टक्के क्षार. मूत्रपिंड लघवीतून त्यापेक्षा कमी दाट क्षार बाहेर टाकतं, म्हणून एक पेला खारं पाणी बाहेर काढायला दीड पेला अंगातलं जातं. जुलैत पाऊस आहे, तोंड उघडायचं. सदरा पिळून प्यायचा तर पहिली पिळणी फेकायची, ती खारट असते. दुसरीही चाखून. पाणी कोमट, थंडीनं काकडून मरायची भीती कमी. दमणूक आणि नाकातोंडात पाणी हीच भीती. लाट येताना श्वास रोखायचा, गेल्यावर सोडायचा. पाठीवर, पाय लाटेकडे.

हो, आणि नऊवारीत पाय गुंततात. आईच्या पात्राला पाण्यात आणत असाल तर कासोटा आधी घट्ट खोचून घ्या.

कोरी_पाटी | दुपारी ३:४०

आई बोटीवर नाही. धक्क्यावर पोचवायला आलीय. तिला वाटेल मुलगा दुपारपर्यंत घरी पोचला. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, बातमी शहरात यायला वेळ लागला, म्हणून ते खरंही आहे.

लांबीबद्दल कुणी सांगा.

अर्धविराम | दुपारी ४:०२

पंचवीस हजार शब्द. साडेबाराशे-साडेबाराशेची वीस प्रकरणं. बोट चौथ्या प्रकरणाच्या आत बुडाली पाहिजे. त्याआधीचं सगळं, डबा, दोरी, तिथीचा पाढा, होडीचा तोल, वाचकाच्या हातात नकळत देऊन ठेवा. पाढा मात्र दोनदा यायला हवा, एकदा आजोबा विचारतात आणि मुलगा चुकतो. बरोबर उत्तर पहिल्यांदा पाण्यात येऊ द्या.

टवाळ_टिटवी | दुपारी ४:०८

आणि भूक लागल्यावर त्याला वडापाव देऊ नका. तो यायला आणखी वीसेक वर्षं आहेत.

माजघर | दुपारी ४:२०

चणे-कुरमुरे द्या. रेशनिंग १९४३पासून चालू होतं, शिदोरीत तांदळाच्या भाकरीला जपून हात. खिशात आणे आणि भोकाचा पैसा. दशमान नाणी १९५७ची, "पन्नास पैसे" लिहू नका.

चुनखडी | दुपारी ४:२५

आणि १७ जुलै हा स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी. धक्क्यावर तिरंगा फडकवू नका, सरकारी इमारतींवर अजून युनियन जॅकच.

कोरी_पाटी | रात्री १०:५०

रामदास नक्की केली. घासलेटचा_कंदील, गोदी स्फोट दुसऱ्या पुस्तकाला ठेवलाय.

पहिला आराखडा: मुलगा बारा वर्षांचा, गाव रेवसजवळ. भोपळा, मग डबा. बोयेची शेपटी संपल्यावर पाऊण तासानं होडी येते. सातव्या प्रकरणात त्याच्याबरोबर पोहता न येणारी आठ वर्षांची मुलगी जोडली जाते, आणि डबा एकच. ती डब्याला घट्ट मिठी मारून धरते.

खाडीपल्याड | रात्री ११:०६

मिठी नको. बुडणारं माणूस वर चढायला बघतं, डबा तिच्या वजनानं गोल फिरेल आणि भोक खाली जाईल. तिला दोरीतून एक हात घालायला लावा, हनुवटी डब्याच्या काठावर, पाय मोकळे. मुलगा समोरच्या बाजूला, तोल साधायला. आणि भोक दोघांच्या मध्ये, वर. बूच तिच्या तोंडासमोर येईल. ते सुटलं तर ती अंगठा लावून बसेल.

कोरी_पाटी | रात्री ११:०९

अंगठा. हे घेतलं.